शाळेच्या फाटकापर्यंतचा न्याय

१५ जून १९८२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला. वास्तव्याची कायदेशीर कागदपत्रे नाहीत म्हणून स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळेतले मोफत शिक्षण नाकारता येणार नाही, असे टेक्सास राज्याला बजावले गेले. आईवडिलांच्या कृत्याचे ओझे मुलांवर लादू नये, हा त्यामागचा विचार. तेव्हापासूनच्या चार दशकांवर नजर टाकली, तर हा विचार शाळेच्या फाटकापाशीच थांबलेला दिसतो. १९९६च्या कायद्याने अठराव्या वाढदिवसापासून बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजायला सुरुवात केली. वर्षभर तसे राहून देश सोडला, की परत यायला दहा वर्षांची बंदी. म्हणजे जे मूल म्हणून निर्दोष, तेच एकोणिसाव्या वर्षी कोंडीत सापडते.

ही कोंडी फोडण्यासाठी २००१मध्ये ‘ड्रीम ॲक्ट’ मांडला गेला. २०१०मध्ये तो प्रतिनिधीगृहात मंजूर झाला, सिनेटमध्ये मात्र अडला. १५ जून २०१२ रोजी ओबामांनी ‘डाका’ योजना जाहीर केली. तिने हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण आणि कामाचा परवाना दिला, तोही दोन वर्षांपुरता. नागरिकत्वाचा रस्ता मात्र दिला नाही. दर दोन वर्षांनी अर्ज, शुल्क, बोटांचे ठसे. नूतनीकरण रखडले तर नोकरी गेलीच. २०१७मध्ये ट्रम्प सरकारने योजना गुंडाळायला घेतली, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर वाचवली, २०२१मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने ती बेकायदा ठरवून नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबवले. शिवाय १५ जून २००७पूर्वीपासून अमेरिकेत असण्याची अट कायम असल्याने आज शाळा संपवणारी बहुतेक मुले तिच्या कक्षेतच येत नाहीत.

नागरिकत्व देणे म्हणजे कायदा मोडणाऱ्यांना बक्षीस, असा आक्षेप घेतला जातो. पण सीमा ओलांडण्याचा निर्णय दोन वर्षांच्या मुलाचा नसतो. रांगेत थांबलेल्यांवर अन्याय होईल, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र यातल्या बहुतेकांना उभे राहता येईल अशी रांगच नाही. आणि नियमाने आलेल्यांची मुले तरी कुठे सुरक्षित आहेत? एच-१बी व्हिसावर गेलेल्या भारतीय, त्यात मराठीही, कुटुंबांतली मुले ग्रीन कार्डची वाट पाहता पाहता एकविशी ओलांडतात आणि पालकांच्या आधारावरचा दर्जा गमावतात. २०१२मध्ये कायदेशीर दर्जा होता, म्हणून ‘डाका’ही त्यांना मिळत नाही. दोन्ही गटांचा प्रश्न एकच आहे, त्यामुळे त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे चूक आहे.

अशा सवलतीमुळे आणखी लोक येत राहतील, या भीतीला उत्तर अमेरिकेच्याच कायद्यात आहे. ठरावीक तारखेपूर्वीपासून राहणाऱ्यांना कायमचे वास्तव्य देणारी तरतूद तिथे १९२९पासून आहे. निश्चित तारीख असल्यामुळे नंतर येणाऱ्यांना तिचा लाभ मिळत नाही. ही तारीख वेळोवेळी पुढे सरकवली गेली. शेवटचा बदल १९८६मध्ये, रेगन यांच्या काळात झाला आणि १ जानेवारी १९७२ ही तारीख ठरली. ती आजही तीच आहे. काँग्रेसने ती पुढे न्यावी. मुलांना शिकवून मोठे करायचे आणि कमावत्या वयात परके ठरवायचे, हे धोरण न्यायाचेही नाही आणि शहाणपणाचेही नाही.