तेराव्या वर्षीचे भाकीत

२००७ साली जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ या गावी फिगर स्केटिंगची जागतिक ज्युनियर स्पर्धा झाली. मुलींची तिन्ही पदके अमेरिकेने नेली. कॅरोलाइन झँग पहिली, मिराई नागासू दुसरी, अ‍ॅशली वॅग्नर तिसरी. पहिल्या दोघी तेरा वर्षांच्या होत्या, वॅग्नर पंधराची. आदल्याच वर्षी तुरिनच्या ऑलिंपिकमध्ये साशा कोहेनला रौप्यपदक मिळाले होते, मिशेल क्वानची कारकीर्द संपली होती आणि अमेरिकेतील स्केटिंगला पुढची नायिका हवी होती. ती आता मिळाली, असे सगळ्यांनी धरून टाकले. प्रत्यक्षात झँगला ऑलिंपिक कधीच गाठता आले नाही. नागासू चौदाव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली, २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये चौथी आली आणि लगेच पुढच्या महिन्यात जागतिक स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅम या पहिल्या टप्प्यानंतर पहिल्या स्थानावर असूनही अखेर सातवी ठरली. त्या तिघींत जागतिक स्पर्धेचे पदक मिळाले ते वॅग्नरला, २०१६ साली बॉस्टनमध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी. अमेरिकी महिलांना ते दहा वर्षांनी मिळालेले जागतिक पदक होते.

अशा खेळाडूंच्या याद्या स्केटिंगच्या चाहत्यांमध्ये नेहमी निघतात. अमक्या मुलीचा उगाच गाजावाजा झाला, तमकी दडपणाखाली कोसळली, तिसरीने हाती आलेली संधी घालवली. या याद्यांमध्ये दोष नेहमी स्केटरच्या माथी असतो. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. एखाद्याने अपेक्षाभंग केला असे म्हणण्याआधी ती अपेक्षा कुणी केली आणि कशाच्या जोरावर केली, हे पाहायला हवे. फिगर स्केटिंगमध्ये, विशेषतः मुलींच्या बाबतीत, अपेक्षा ज्या शरीराकडे पाहून केली जाते ते शरीर दोन-तीन वर्षांनी तसे राहतच नाही. भाकीत चुकते, आणि त्या चुकीची शिक्षा भाकीत करणाऱ्याला होत नाही. ज्या मुलीविषयी ते केले गेले तिला होते.

याचे कारण साधे आहे. उडी मारणारा स्केटर बर्फापासून वर असतो तो पाऊण सेकंदाहूनही कमी वेळ. तेवढ्यात तीन किंवा चार फेऱ्या पुऱ्या करायच्या. चार फेऱ्यांच्या उडीला, म्हणजे क्वाडला, मिनिटाला तीनशेहून अधिक फेऱ्यांचा वेग लागतो. हा वेग दोन गोष्टींवर ठरतो. बर्फ सोडताना शरीराने किती गिरकी घेतली आणि हवेत ते किती आवळून धरता आले. अंग अक्षाच्या जितके जवळ तितका वेग जास्त. अरुंद खांदे, अरुंद कंबर आणि कमी वजन असलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी या गणितात जवळजवळ आदर्श असते. मग ती वाढते. उंची वाढते, कमरेचा घेर रुंदावतो, वजन बाहेरच्या बाजूला सरकते. अक्षापासूनच्या अंतराचा परिणाम वर्गाच्या पटीने होत असल्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरचा फरकही मोठा ठरतो. हजारो वेळा घोटलेली उडी एका हंगामात अनोळखी होते. मुलांमध्ये हीच वाढ स्नायूंची ताकदही आणते, त्यामुळे त्यांचा तोटा बराचसा भरून निघतो. मुलींना तशी भरपाई क्वचितच मिळते.

त्यात गुणपद्धतीची भर पडते. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील परीक्षकांच्या घोटाळ्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी रीत मोडीत निघाली आणि प्रत्येक उडीला, गिरकीला, पावलांच्या मालिकेला ठरावीक मूळ गुण देणारी पद्धत आली. पारदर्शकपणे मोजणारी ही पद्धत आधीच्यापेक्षा निश्चित बरी. पण तिचा कल पाहा. अलीकडच्या तक्त्यात क्वाड लुट्झ या उडीला साडेअकरा मूळ गुण, ट्रिपल अ‍ॅक्सेल या उडीला आठ, तर सर्वांत अवघड पातळीच्या पावलांच्या मालिकेला चारपेक्षाही कमी. पावलांची नजाकत वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, हवेतल्या फेऱ्या लहान शरीराला लवकर साधतात. म्हणजे जे वयाबरोबर वाढते त्याला गुण थोडे आणि जे वयाबरोबर निसटते त्याला भरघोस. अशा गुणपत्रिकेवरून तेरा वर्षांच्या मुलीचे अठराव्या वर्षाचे भविष्य वर्तवणे हे मुळातच कच्चे अनुमान आहे.

हे भविष्य चुकल्यावर काय होते ते अमेरिकेची ग्रेसी गोल्ड आणि रशियाची युलिया लिपनित्स्काया यांच्या बाबतीत दिसले. २०१२च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत लिपनित्स्काया पहिली आली, गोल्ड दुसरी. गोल्डचे तर आडनावच सुवर्ण; मथळे आयते तयार होते. २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. २०१६च्या बॉस्टनच्या जागतिक स्पर्धेत, वॅग्नरला पदक मिळाले त्याच बर्फावर, गोल्ड शॉर्ट प्रोग्रॅमनंतर पहिली होती आणि शेवटी पुन्हा चौथी राहिली. दुसऱ्याच वर्षी तिने नैराश्य, चिंताविकार आणि खाण्याच्या विकारावर उपचार घेत असल्याचे जाहीर केले. लिपनित्स्कायाची गोष्ट आणखी झपाट्याने घडली. सोचीत पंधरा वर्षांच्या या मुलीने लाल पोशाखात ‘शिंडलर्स लिस्ट’च्या संगीतावर स्केटिंग केले, रशियाला सांघिक सुवर्ण मिळवून दिले आणि काही दिवसांत ती साऱ्या देशाची लाडकी झाली. वैयक्तिक स्पर्धेत ती पडली आणि पाचवी आली. सुवर्णपदक मिळाले ते अदेलिना सोत्निकोवाला, जिला सांघिक स्पर्धेत उतरवलेलेही नव्हते. २०१७मध्ये लिपनित्स्काया निवृत्त झाली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि अ‍ॅनोरेक्सिया या खाण्याच्या विकारावर उपचार घेऊन आली होती. शरीर वाढू नये म्हणून ते उपाशी ठेवणे, हा चुकलेल्या भाकिताला खरे करण्याचा सर्वांत क्रूर मार्ग आहे.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. किम युना २००६ची जागतिक ज्युनियर विजेती होती. २०१०मध्ये अख्ख्या दक्षिण कोरियाचे ओझे खांद्यावर घेऊन तिने त्या वेळचे विक्रमी २२८.५६ गुण मिळवत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. जपानचा युझुरू हान्यू २०१०चा ज्युनियर विजेता. २०१४ आणि २०१८ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याने आणली. सोत्निकोवाही २०११मध्ये ज्युनियर विजेती होतीच. मग भाकिते खोटी कशी म्हणायची? मी ती सगळी खोटी म्हणत नाही. ज्युनियर विजेत्यांमधून काही जण मोठे होतातच. पण कोण होणार, हे त्या वयात कुणालाही सांगता येत नाही, आणि गाजावाजा करणारे मात्र ते ठाऊक असल्याच्या थाटात बोलतात. किमचे भाकीत खरे ठरले म्हणून ते लक्षात राहते. झँगचे चुकले, तेव्हा भाकीत विसरले गेले आणि झँग ‘अपयशी’ म्हणून उरली.

दुसरा आक्षेप मोठ्यांविषयीचा. कॅनडाचा कर्ट ब्राउनिंग काही कोवळा मुलगा नव्हता. १९८८मध्ये बुडापेस्टला त्याने स्पर्धेतली पहिली मान्यताप्राप्त क्वाड उडी मारली, १९८९ ते १९९१ आणि पुन्हा १९९३ असा चार वेळा तो जगज्जेता झाला. पण तीन ऑलिंपिकमध्ये तो आठवा, सहावा आणि पाचवा आला. क्वानकडे पाच जागतिक आणि नऊ राष्ट्रीय विजेतेपदे आहेत, ऑलिंपिक सुवर्ण एकही नाही. इथे शरीर बदलण्याची सबब चालत नाही, हे मान्य. पण इथे चूक दुसरी आहे, मोजमापाची. आजच्या नियमांनुसार शॉर्ट प्रोग्रॅम दोन मिनिटे चाळीस सेकंदांचा आणि फ्री स्केट सुमारे चार मिनिटांचा. चार वर्षांत एकदा येणाऱ्या या सातेक मिनिटांवर, जेमतेम चार मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर तोल सांभाळत, माणसाची आख्खी कारकीर्द तोलली जाते. दहा वर्षांचे पुरावे एका पारड्यात आणि सात मिनिटे दुसऱ्यात टाकून सात मिनिटांचे पारडे जड ठरवणे, याला न्याय म्हणता येणार नाही.

तरीही काही जण म्हणतील की ती सात मिनिटे निभावणे हेच तर खेळाडूचे काम. ज्याला ते जमत नाही तो मनाने कच्चा. या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच की पडण्याची जबाबदारी पडणाऱ्याची असते, आणि कुठलाही सच्चा स्केटर ती नाकारत नाही. पण एका पडण्यावरून स्वभावाचे निदान करणारे पुरावा पाहत नाहीत. जपानच्या माओ असादाचा २०१४चा फेब्रुवारी घ्या. सोचीत ती शॉर्ट प्रोग्रॅममध्ये सोळावी आली. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटमध्ये तिने १४२.७१ गुण मिळवले आणि सहाव्या क्रमांकापर्यंत मजल मारली. महिनाभराने साइतामाला जागतिक स्पर्धेत तिने शॉर्ट प्रोग्रॅमचा ७८.६६ गुणांचा विश्वविक्रम केला आणि तिसऱ्यांदा जगज्जेती झाली. अमेरिकेचा नेथन चेन २०१८च्या ऑलिंपिकमध्ये शॉर्ट प्रोग्रॅमनंतर सतरावा होता. पुढच्याच दिवशी सहा क्वाड उड्या घेत त्याने फ्री स्केटमध्ये सर्वाधिक २१५.०८ गुण मिळवले आणि एकूण पाचवा आला. चार वर्षांनी बीजिंगमध्ये सुवर्ण त्याचेच होते. एकच माणूस एका दिवशी मनाने कच्चा आणि दुसऱ्या दिवशी पोलादी होत नसतो. निसरड्या पृष्ठभागावर केलेल्या अति अवघड कृतीत दैवाचा भाग असतो, एवढाच त्याचा अर्थ. असादाच्या बाबतीत तर दैवाने आधीही एक खेळ केला होता. पंधराव्या वर्षी तिने ग्रांप्री फायनल जिंकली, पण वयाच्या नियमात ८७ दिवस कमी पडल्याने तुरिनच्या ऑलिंपिकला तिला जाताच आले नाही. तेव्हा गेली असती तर तिच्याविषयीची सगळी चर्चाच वेगळी झाली असती.

शेवटचा युक्तिवाद पैशाचा आहे. गाजावाजा नसेल तर प्रायोजक येणार नाहीत, प्रायोजक नसतील तर बर्फाचे भाडे, प्रशिक्षक, बूट-पाती यांचा अवाढव्य खर्च कोण करणार? हे खरेच आहे, आणि म्हणून कौतुक करूच नये असे कुणी म्हणणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीने आज काय केले हे भरभरून सांगावे. ती उद्या काय होणार हे मात्र विकू नये, कारण त्या विक्रीचा नफा अनेकांत वाटला जातो आणि तोटा तिच्या एकटीच्या वाट्याला येतो. खेळाच्या जागतिक संघटनेलाही हे अखेर पटले. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांची कामिला वालियेवा उत्तेजक चाचणीच्या वादात सापडली, साऱ्या जगासमोर फ्री स्केटमध्ये पुन्हा पुन्हा पडली. त्यानंतर चारच महिन्यांत वरिष्ठ स्पर्धांसाठीची किमान वयोमर्यादा पंधरावरून सतरावर नेण्याचा ठराव १०० विरुद्ध १६ मतांनी संमत झाला.

अलिसा लिऊ २०१९मध्ये तेराव्या वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली, इतक्या लहान वयात कुणीच झाले नव्हते. त्याच वर्षी तिने क्वाड लुट्झ मारली आणि पुन्हा एकदा सगळ्यांना नायिका सापडली. मग ती वाढली, क्वाड गेली, बीजिंगमध्ये पदक आले नाही, आणि २०२२च्या एप्रिलमध्ये, जागतिक स्पर्धेतील कांस्यपदकानंतर लगेच, सोळा वर्षांच्या लिऊने निवृत्ती जाहीर केली. ‘वाया गेलेल्या’ मुलींच्या यादीत तिचे नाव पडायला तेवढे पुरेसे होते. दोन वर्षे ती बर्फापासून दूर राहिली, मग आपल्या मर्जीने परत आली. २०२५च्या मार्चमध्ये बॉस्टनला ती जगज्जेती झाली, एकोणिसाव्या वर्षी, एकही क्वाड किंवा ट्रिपल अ‍ॅक्सेल न मारता. २००६नंतर हे विजेतेपद मिळवणारी ती पहिली अमेरिकी महिला. आणि ओबर्स्टडॉर्फची ती दुसरी मुलगी, नागासू? २०१८च्या ऑलिंपिकमध्ये तिने ट्रिपल अ‍ॅक्सेल यशस्वीपणे मारली. ऑलिंपिकमध्ये ती साधणारी ती पहिली अमेरिकी महिला, आणि तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.