बंद न्हाणीघरातला गॅस गिझर

थंडी पडली की ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आपल्या घरांत सकाळी अंघोळीला रांग लागते. गॅस गिझर चालूच असतो, दाराला आतून कडी आणि गार वारा नको म्हणून झरोक्याला पुठ्ठा. धोका त्या पुठ्ठ्यातच आहे.

पुरेशी हवा मिळाली तर गॅस जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. कोंडलेल्या खोलीत ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलिंडर गळताना येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. म्हणून ‘वासावरून कळेलच’ या भरवशावर राहू नका.

रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. श्वास चालू, रक्तही फिरतेय, पण मेंदू आणि हृदय उपाशी! आधी डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते. गरम पाण्याने चक्कर आली असेल, असे म्हणून आपण सोडून देतो. पुढे शुद्ध हरपते. काहींना झटके येतात आणि फिट समजून अपस्माराची औषधे सुरू होतात. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. झटका फक्त अंघोळीच्या वेळीच येत असेल, तर घरात गिझर कोणता आहे हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

करोनात घरोघरी आलेला बोटावरचा ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. या वायूने भरलेले रक्तही त्याला ऑक्सिजनवाले वाटते, त्यामुळे आकडा 98 दिसू शकतो. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळते.

आत कुणी ओ देत नसेल तर दार उघडा, गरज पडल्यास तोडा. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि 112 ला फोन लावा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.

खरा उपाय प्लंबरकडे आहे: गिझर बाहेर गॅलरीत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणायचा. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, मगच अंघोळीला जा. पुठ्ठा आजच काढा.

आजी-आजोबांच्या खोलीत रात्री कोळशाची सिगडी ठेवत असाल, तर तिथेही हेच घडते. निखारे लाल झाले, धूर थांबला, तरी वायू निघतच असतो.