कशेळीचा हत्ती आणि हत्तीचे पाऊल
(कोकणातील कातळशिल्पांच्या प्रयोजनाविषयी काही विचार)

मुचकुंदी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, तिच्या उत्तर तीरावर, पूर्णगडाचा लहानसा मराठेकालीन किल्ला आहे. पूल ओलांडून गावखडीमार्गे दक्षिणेस गेले की राजापूर तालुक्यातील कशेळी हे गाव लागते. कनकादित्याच्या मंदिरामुळे हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. परंतु गेल्या काही वर्षांत अभ्यासकांचे पाय वळतात ते तेथील सड्याकडे. या सड्यावरील जांभ्याच्या कातळात सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असा एक हत्ती कोरलेला असून त्याच्या देहरेषेच्या आत जलचर व भूचर प्राण्यांच्या सत्तरांच्या आसपास लहानमोठ्या आकृती आहेत.

आम्ही काही उपासकांसह हे शिल्प पाहावयास गेलो असता आमच्यातील एका तरुणाने विचारले, "सर, हा महामायेच्या स्वप्नातला हत्ती तर नव्हे?" प्रश्न श्रद्धेचा होता आणि विचारणाराचे डोळे भरून आले होते. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर त्रोटक होते. प्रस्तुत लेखात ते थोडे विस्ताराने मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

शिल्पे कोणती व कोठे

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवर आणि पुढे गोव्यात अशी खोदचित्रे विखुरलेली आहेत. गुराख्यांना व ग्रामस्थांना त्यांपैकी कित्येक पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. कोठे ती पांडवांची करणी समजली जात, तर कोठे देवाची जागा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरी परिसरातील सडे पायी धुंडाळून त्यांची पद्धतशीर नोंद केली. पुढे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने या कामास शास्त्रीय अधिष्ठान दिले. आज सत्तरांहून अधिक ठिकाणी हजाराहून अधिक आकृतींची नोंद झालेली आहे. २०२२ साली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी व गोव्यातील फणसईमळ या नऊ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत करण्यात आला.

आकृतींत हत्ती, वाघ, गेंडा, हरिण, पाकट, मुशी, कासव, मनुष्य आणि रेषांनी भरलेले चौकोनी भौमितिक पट आढळतात. शेतीची वा धान्याची चित्रे आढळत नाहीत. या दोन गोष्टींवरून, म्हणजे गेंड्याच्या असण्यावरून व शेतीच्या नसण्यावरून, ही शिल्पे शिकारी समाजाची आणि दहा हजार वर्षांहून जुनी असावीत असे अनुमान काहींनी केले आहे.

गेंड्याचा पुरावा किती दूर नेतो?

हे अनुमान अशक्य नाही. पण ते जितके सरळ वाटते तितके नाही. गुजरातमधील लांघणज येथील मध्याश्मयुगीन वसाहतीत डॉ. ह. धी. सांकलिया यांना गेंड्याचे हाड मिळाले होते, आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही गेंडा आहे. म्हणजे पश्चिम भारतात हा प्राणी फार उशिरापर्यंत माणसाच्या परिचयाचा होता. तेव्हा केवळ गेंडा कोरलेला आहे एवढ्यावरून काळ दहा हजार वर्षांमागे नेता येत नाही. शेतीचे चित्र नाही म्हणून शेती नव्हती, हेही तसेच अपुरे आहे. माणूस आपल्याजवळ आहे ते सर्वच कोरतो असे नाही.

मुख्य अडचण अशी की, शिल्पे उघड्या कातळावर आहेत. त्यांच्यावर मातीचे थर नाहीत, जवळ कोळसा वा हाड नाही. दगडात कोरलेल्या रेषेचे वय कार्बन पद्धतीने सांगता येत नाही. म्हणून आसपासच्या गुहांतून व सड्यांवरून मिळणाऱ्या दगडी हत्यारांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. परंतु हत्यार करणारा हात आणि रेषा कोरणारा हात एकच होता, हे जोडून दाखवावे लागते.

प्रयोजनाविषयीची मते

प्रयोजनाविषयी आजवर पुढे आलेली मते स्थूलमानाने चार आहेत.

पहिले मत शिकारीचे: प्राण्याचे चित्र काढून त्यावर सत्ता मिळविण्याचा विधी, किंवा तरुणांना प्राणी ओळखण्याचे दिलेले शिक्षण. पुष्कळशी चित्रे प्राण्याच्या मूळ आकाराएवढी आहेत, हे या मतास अनुकूल आहे. पण शिकारीचा प्रत्यक्ष प्रसंग क्वचितच दिसतो, आणि १८ मीटरचा हत्ती ओळख पटविण्यासाठी कोणी कोरणार नाही.

दुसरे मत उपासनेचे. काही ठिकाणी मनुष्यदेहाचा केवळ कमरेखालचा भाग कोरलेला आहे. त्याचा संबंध लज्जागौरीशी जोडला जातो. परंतु लज्जागौरीच्या मूर्ती इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील आहेत. उत्तरकालीन देवतेचे नाव पूर्वकालीन रेषेस देताना मधला दुवा दाखविला पाहिजे.

तिसरे मत दूरदेशीच्या संबंधांचे. बारसू येथे हात पसरलेल्या मनुष्याच्या दोन्ही बाजूंस वाघ आहेत. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर दोन वाघांना आवरणारा पुरुष आहे आणि मेसोपोटेमियातही ही कल्पना आढळते. साम्य लक्षणीय आहे. पण ज्या प्रदेशात वाघ आहे तेथे वाघाला थोपवू पाहणारा माणूस स्वतंत्रपणेही कल्पिला जाऊ शकतो.

चौथे मत असे की, या जागा म्हणजे समूहाच्या सीमेच्या वा एकत्र येण्याच्या खुणा होत. आम्हास हे मत अधिक विचारार्ह वाटते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसास कशेळीचा हत्ती एका दृष्टिक्षेपात धड दिसत नाही. मग तो कोणासाठी कोरला? कदाचित पाहण्यापेक्षा सर्वांनी मिळून कोरणे हेच प्रयोजन असेल. इंग्लंडमधील अफिंग्टन येथे टेकडीवर खडूने भरलेला सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा घोडा आहे. लोक ठरावीक काळाने एकत्र येऊन तो घासून उजळ करीत आले नसते तर तो गवताखाली कधीच नाहीसा झाला असता. तेथे काम हाच उत्सव होता. अर्थात हेही अनुमानच आहे.

देवाचे गोठणे येथे होकायंत्राची सुई विचलित होते. तेवढ्यावरून प्राचीन कारागिरांना चुंबकत्वाचे ज्ञान होते असे म्हटले जाते. लोहयुक्त खडकावर वीज कोसळली तरी तो चुंबकीय होतो. होकायंत्र नसलेल्यास ते कळावयाचे कसे, याचे उत्तर असे म्हणणाऱ्यांनी दिले पाहिजे.

हत्तीचे पाऊल

मज्झिम निकायातील चूळहत्थिपदोपम सुत्तात या विषयास फार उपयुक्त अशी उपमा आहे. पिलोतिक परिव्राजकाने चार पावले पाहून तथागतांच्या श्रेष्ठत्वाचा निष्कर्ष काढला होता. जाणुस्सोणि ब्राह्मणाने ते सांगताच भगवंतांनी ती उपमा अपुरी असल्याचे सांगून पूर्ण केली. कुशल हत्तीशोधक अरण्यात मोठे पाऊल पाहतो, पण हा महागज आहे असे लगेच म्हणत नाही. कारण ठेंगण्या हत्तिणींचेही पाय मोठे असतात. पुढे उंचावर घासल्याच्या व सुळ्यांच्या खुणा दिसल्या तरी तो थांबत नाही. प्रत्यक्ष हत्ती पाहिल्यावरच तो निष्कर्षास येतो. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, ही कसोटी भगवंतांनी स्वतःच्या स्तुतीस लावली आहे.

केसमुत्ति सुत्तात कालामांना दिलेल्या उपदेशातही ऐकीव गोष्ट, परंपरा व तर्क यांच्याबरोबरच 'दिट्ठिनिज्झानक्खन्ति' येते. म्हणजे आपल्या आधीच्या मताशी जुळते एवढ्याचसाठी एखादी गोष्ट मान्य करणे. आपणास सर्वाधिक सावध राहावे लागते ते याच ठिकाणी.

आपला प्रश्न

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. स्वप्नातील श्वेत हत्तीची कथा जातकट्ठकथेच्या निदानकथेत आहे व भारहूतच्या शिल्पातही आहे. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मात्र महामायेच्या स्वप्नात सुमेध बोधिसत्त्व येतो. हत्ती येत नाही. कोकणात बौद्ध वारसा हवा असेल तर तो पन्हाळे काजी, कुडा व महाडच्या लेण्यांत आहे. त्यासाठी कशेळीच्या हत्तीवर हक्क सांगण्याची आवश्यकता नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांस 'पांडवलेणी' म्हटले गेले, याचे आपणास दुःख आहे आणि ते योग्यच आहे. तेथे आपल्या बाजूने शिलालेख बोलतात. कातळशिल्पांजवळ शिलालेख नाही. जो अबोल आहे त्याच्या तोंडी आपले शब्द घालणे हा अन्याय आपण सोसला आहे. तो आपल्या हातून दुसऱ्यावर होऊ नये.

'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी इतिहासातील तुटलेले दुवे जोडण्यासाठी अनुमानाचा आधार घेण्याचे समर्थन केले आहे. पण त्याच प्रस्तावनेत निश्चित व संशयित यांत भेद करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य असल्याचे सांगून, आपल्या सिद्धान्ताला अंतिमतेचा दावा त्यांनी नाकारला आहे. अनुमान करावे, पण त्यास अनुमान म्हणावे, हा त्याचा अर्थ.

हा विवाद केवळ विद्वानांचा नाही. २०२३ साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले, तेव्हा ग्रामस्थ रस्त्यावर उतरले आणि कातळशिल्पांच्या भवितव्याचा प्रश्न सर्वांसमोर आला. शिवाय चिरेखाणी, रस्ते व बांधकामे यांमुळे सडे कापले जातात. एकदा चिरा निघाला की त्यावरील रेषा परत मिळत नाही, आणि मग कोणाचेही मत तपासून पाहण्यास काही उरत नाही.

म्हणून आमची उपासकांना विनंती आहे. सड्यावर जावे, पण शिल्पावर पादत्राणे घालून चालू नये. छायाचित्रासाठी रेषांत रंग वा खडू भरू नये. आपल्या गावच्या सड्यावर अशी आकृती असल्यास तिची नोंद करावी, आणि गुरे राखणाऱ्या वृद्धांनी त्या जागेस दिलेले नाव जसेच्या तसे लिहून घ्यावे. त्या तरुणास आम्ही आता असे सांगू: हा हत्ती महामायेचा आहे असे म्हणण्यास आधार नाही. तो ज्यांनी कोरला त्यांचा आहे. ते कोण होते याचा शोध चालू आहे, आणि त्या शोधात तुझ्यासारख्यांची गरज आहे.