गाडी उचलण्याआधी काट्यावर न्या!

पावसाळा सुरू झाला की फीडवर ठरलेली रील्स येतात. चिखलातून उसळणारी थार, ओढ्यातून पाणी उडवत निघालेली जिम्नी आणि खाली एकच कमेंट, 'भावा, किती इंचाची लिफ्ट?' ग्रुपमध्ये कुणी सेकंडहॅण्ड जिप्सी घेतली तरी पहिला बेत हाच असतो. गाडी उंच करायची, बाकी नंतर बघू.

खरं सांगायचं तर स्प्रिंग आणि शॉकअप निवडताना 'किती इंच' हा प्रश्न शेवटचा असतो. पहिला प्रश्न असतो, किती किलो?

कोणाचं काम काय?

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळणारच, ती उसळी थोपवणं हे शॉकअपचं काम. त्याच्या आतला पिस्टन बारीक छिद्रांमधून तेल ढकलत सरकतो आणि उसळीतली ऊर्जा तेलाच्या उष्णतेत जिरते. म्हणून मागून बसलेली गाडी नुसते महागडे शॉकअप टाकून उठत नाही. कडक स्प्रिंगला जुनेच शॉकअप ठेवले, तर गाडी चेंडूसारखी उड्या मारत राहते. ही जोडी आहे, निवडायची तर जोडीनेच.

शिवाय प्रत्येक गाडीची रचना वेगळी. जिप्सीला चारही चाकांना पाटे. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग, पण पुढची दोन चाकं स्वतंत्र आणि मागे अखंड अ‍ॅक्सल. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल. त्यामुळे 'मित्राने बसवलं तेच मलाही' हा हिशोब इथे चालत नाही.

वजनकाट्यावर चला

हायवेला ट्रक मोजणारे वजनकाटे असतात. ट्रिपला नेता तसं सगळं सामान भरा, टाकी फुल करा, मित्रांना बसवा आणि गाडी काट्यावर घाला. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. रिकाम्या गाडीचंही असंच वजन करा. पुढे विंच आणि लोखंडी बंपर, मागे दोन जेरीकॅन आणि तंबू असेल, तर वाढलेला भार नेमका कुठे पडतो हे कागदावर दिसेल.

आता थोडं अकरावीचं फिजिक्स. स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये मोजतात. समजा, मागची प्रत्येक स्प्रिंग ३०ची आहे. म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला साधारण तीन किलो लागतात, दोघींना मिळून सहा. मागच्या अ‍ॅक्सलवर १२० किलो वाढले, तर गाडी ढोबळमानाने २० मिलिमीटर बसेल. ४०ची स्प्रिंग टाकली तर १५.

मग ४०चीच का नाही घ्यायची? कारण आठवड्याचे पाच दिवस तुम्ही कॉलेजला एकटे जाता. भरलेल्या गाडीसाठी घेतलेली कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीखाली नीट दबतच नाही, चाक खडकावरून उडतं आणि पकड जाते. चाक जमिनीला धरून ठेवणं हेच तर सस्पेन्शनचं मुख्य काम. भार सतत कमी-जास्त होत असेल, तर दबेल तशी कडक होत जाणारी प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग बरी पडते. लोखंडी बंपरसारखा भार कायमचाच असेल, तर त्या वजनाला जुळणारी साधी स्प्रिंग पुरते.

आणखी एक गंमत. बाकी मापं तीच ठेवून स्प्रिंगची तार १२ ऐवजी १३ मिलिमीटरची केली, तर कडकपणा सुमारे ३८ टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणून 'थोडीशीच जाड आहे' या बोलण्यावर जाऊ नका, आकडा मागा.

शॉकअप कोणते?

ट्विन-ट्यूब शॉकअप तुलनेने स्वस्त असतात. बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा पडला तरी बहुतेकदा आतला पिस्टन चालत राहतो. मोनोट्यूबमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो. खडकाळ वाटेवर तासन्‌तास हाणल्यावर तेल तापून फेसाळतं आणि शॉकअपचा जोर कमी होतो. मोनोट्यूब हे जास्त वेळ झेलतात. पण नळीला मोठा पोचा पडला, तर पिस्टन अडकू शकतो. महिन्यातून एखादी घाटातली कच्ची वाट करणार असाल, तर चांगले ट्विन-ट्यूब भरपूर झाले.

शॉकअपची लांबीही जुळायला हवी. उंच स्प्रिंगला आखूड शॉकअप लावला, तर चाक लोंबलं की शॉकअपला हिसका बसतो. जास्त लांब लावला, तर रबरी बंप स्टॉपच्या आधी तोच आपटतो.

उंचीची किंमत

लिफ्ट केल्याने बॉडी वर जाते. अखंड अ‍ॅक्सलचा डिफरेन्शियलचा गोळा मात्र होता तिथेच राहतो, तो फक्त मोठ्या टायरनेच वर जातो. म्हणजे दगड आधी जिथे लागायचा, लिफ्टनंतरही तिथेच लागतो! उलट गुरुत्वमध्य वर सरकतो आणि घाटाच्या वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. थारच्या पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त कोनात फिरून लवकर झिजतात, तर जिम्नीचा अ‍ॅक्सल किंचित एका बाजूला सरकतो आणि स्टिअरिंग भटकायला लागतं.

कायदाही लक्षात ठेवा. गाडी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बदल करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

खिशाला परवडेल असा क्रम

• सगळ्यात आधी टायरची हवा. कच्च्या वाटेवर थोडी कमी करा, डांबरी रस्त्यावर यायच्या आधी पुन्हा भरा. खर्च जवळजवळ शून्य.
• मग रबरी बुश तपासा. 'सस्पेन्शन गेलं' वाटतं, तेव्हा कित्येकदा बुशच गेलेले असतात.
• शॉकअपमधून तेल गळत असेल तर जोडीने बदला, एकच नको.
• स्प्रिंग सगळ्यात शेवटी आणि मोजलेल्या वजनानुसार. कापलेल्या स्प्रिंगला स्पष्ट नकार द्या. वेढे कमी झाले की ती कडक होते आणि जागेवर नीट बसतही नाही.

गॅरेजला जाताना मोबाइलमध्ये चार आकडे लिहून न्या. पुढचं आणि मागचं वजन, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. हे आकडे बघून जो मेकॅनिक पुढचा प्रश्न विचारेल, त्याच्याकडेच गाडी द्या. आकडे न बघताच जो 'दोन इंच करून टाकू' म्हणेल, त्याचा चहा प्या आणि निघा.