टीपकागदावरची कोटी

कोटी म्हटली की आम्हांला गडकरी आठवतात, अत्रे आठवतात. प्रयोगशाळेत कोणी कोट्या करीत असेल, हे सहसा मनात येत नाही. पण शास्त्रज्ञही माणसेच. दिवसभराच्या कंटाळवाण्या कामात त्यांनाही विरंगुळा हवा असतो, आणि त्यांची एक इंग्रजी कोटी तर थेट पाठ्यपुस्तकात जाऊन बसली आहे.

१९७५ साली एडिनबरो येथील एडविन सदर्न यांनी डीएनएचा हवा तो तुकडा हुडकून काढण्याची एक रीत प्रसिद्ध केली. डीएनएचे तुकडे जेलमध्ये लांबीप्रमाणे वेगळे करावयाचे, वर एक पातळ पापुद्रा ठेवावयाचा आणि त्यावर टीपकागदांची चळत रचावयाची. कागद खारे पाणी वर शोषून घेतात; त्याबरोबर तुकडे वर येतात व पापुद्र्याला चिकटतात. शाळेत आपण शाई टिपीत असू, तसेच हे. म्हणून नाव पडले 'सदर्न ब्लॉट'.

आता 'सदर्न' हे आडनाव खरे, पण इंग्रजीत त्याचा अर्थ 'दक्षिणेकडील' असाही होतो. रात्रभर कागद भिजण्याची वाट पाहणाऱ्या मंडळींना एवढे निमित्त पुरले. १९७७ साली स्टॅनफर्ड येथे आरएनएसाठी अशीच रीत निघाली, ती झाली 'नॉर्दर्न'. १९८१ साली नील बर्नेट यांनी प्रथिनांच्या रीतीला 'वेस्टर्न' म्हटले. त्यांची प्रयोगशाळाही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिअ‍ॅटल येथे होती. या थट्टेत कोणी दुखावले नाही. उलट, तीन किचकट रीती लक्षात ठेवणे सोपे झाले.

पण प्रत्येक थट्टा अशी निरुपद्रवी राहत नाही. फळमाशीच्या एका जनुकात बिघाड झाला की अळी काट्यांनी भरलेली दिसते; म्हणून त्या जनुकाला 'हेजहॉग' या काटेरी प्राण्याचे नाव दिले गेले. पुढे पृष्ठवंशी प्राण्यांत सापडलेल्या त्याच्या एका भाईबंदाला १९९३ साली व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून 'सॉनिक हेजहॉग' म्हटले. प्रयोगशाळेत हशा पिकला असेल. परंतु माणसात याच जनुकाच्या दोषाने गर्भाच्या मेंदूचा पुढचा भाग नीट दुभंगत नाही. अशा बाळाच्या आईबापांपुढे डॉक्टरांनी हे नाव कोणत्या तोंडाने उच्चारावे?

कामाच्या जागी कोटी जरूर करावी, असेच आम्ही म्हणू. सोबत्यांचा शीण तिने जातो. मात्र ती दाराबाहेर पडून कोणाच्या कानी जाणार आहे, याचा विचार नाव ठेवतानाच करावा. कारण एकदा रुळलेले नाव मागे घेणे फार अवघड जाते.