मोटारीच्या टपावरील सूर्यशक्ती : एक हिशेब

बियाण्याच्या पुडीवरील चित्र निराळे आणि खळ्यावर पडलेली रास निराळी, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. यंत्रांच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा लागतो. हायब्रिड मोटारगाडीच्या टपावर सौर पॅनेल बसविले म्हणजे गाडी उन्हावर चालते आणि पेट्रोलचा खर्च सुटतो, असे अलीकडे ठिकठिकाणी बोलले जाते. आपल्यापैकी पुष्कळांच्या विहिरीवर आज सौर पंप चालू आहेत. पंप जर उन्हावर चालतो, तर गाडी का चालू नये, अशी शंका मनात येणे अगदी स्वाभाविक होय. या शंकेचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. टपावर वीज उत्पन्न होते हे खरे. ती किती होते, तिच्यातून चाकापर्यंत किती पोचते आणि तिचे मोल काय, याचा हिशेब मांडल्यावाचून पदरचा पैसा घालणे शहाणपणाचे नव्हे. तो हिशेब येथे क्रमाने मांडला आहे.

हायब्रिड गाडी म्हणजे काय

हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते व त्याच्या जोडीला विजेवर फिरणारी मोटर असते. गाडी थांबविताना साध्या मोटारीत जी शक्ती ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तिचा काही भाग या गाडीत विजेच्या रूपाने परत मिळवून बॅटरीत साठविला जातो, व गाडी निघताना किंवा मंद चालताना तो उपयोगी पडतो. अशी गाडी मोठ्या प्रमाणावर प्रथम विक्रीस आणली ती जपानमधील टोयोटा कंपनीने, १९९७ च्या डिसेंबरात. तिचे नाव प्रियस.

या गाड्यांचे दोन प्रकार आहेत, आणि पुढील सर्व विवेचन समजण्यास हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पहिल्या प्रकारच्या गाडीस बाहेरून वीज भरण्याची सोय नसते. तिची सारी शक्ती अखेर पेट्रोलमधूनच येते. आपल्याकडे सामान्यतः विकल्या जाणाऱ्या हायब्रिड गाड्या याच प्रकारच्या होत. दुसऱ्या प्रकारच्या गाडीची बॅटरी मोठी असून ती घरच्या विजेवर भरता येते. तिला प्लग-इन हायब्रिड म्हणतात.

ऊन, क्षेत्र व उत्पन्न

सौर पॅनेल हे एका अर्थी शेतच आहे. त्यावर ऊन पडते व विजेचे पीक निघते. आणि पिकाप्रमाणेच येथेही उत्पन्न क्षेत्रावर अवलंबून असते. निरभ्र दिवशी ऐन दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॉट इतकी सूर्यशक्ती पडते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट तयार झाला, तेव्हा पडलेल्या उन्हापैकी शेकडा ६ भागाचीच वीज होत असे. आज बाजारातील चांगली पॅनेले शेकडा २० ते २२ भागाची वीज करतात. सुधारणा मोठी आहे. परंतु टपाचे क्षेत्र काही वाढलेले नाही. काचा, कडा व वळणे वगळली तर मध्यम गाडीच्या टपावर पॅनेलास एक ते दोन चौरस मीटर जागा मिळते, आणि तीवर साधारणतः २०० वॉटचे पॅनेल बसते.

हे २०० वॉट म्हणजे किती, ते पाहू. पाच अश्वशक्तीच्या सौर पंपास सुमारे ५ किलोवॉटची, म्हणजे ५,००० वॉटची पॅनेले लावावी लागतात. अर्थात पंपाच्या पॅनेलांची शक्ती गाडीच्या टपाच्या पंचवीस पट झाली. गाडीचे टप हे विहिरीवरील पॅनेलांपैकी निम्म्या पत्र्याएवढेही काम करीत नाही असे म्हटले तरी चालेल. उलट गाडीची गरज पंपाहून मोठी. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मध्यम गाडीस सुमारे १० किलोवॉट शक्ती लागते. टपावरील पॅनेल भर दुपारी तिचा पन्नासावा हिस्सा पुरवील. एक खांदेकरी बाजूला घेऊन पन्नास जणांचे ओझे त्याच्यावर टाकण्यासारखे हे आहे. म्हणून गाडी चालत असता ती उन्हावर चालते, ही समजूत प्रथम सोडून दिली पाहिजे. पॅनेलाचा खरा उपयोग गाडी उभी असताना थोडथोडी वीज साठवून ठेवण्याचा आहे.

जपान व कोरिया येथील अनुभव

हे प्रयोग ज्या देशांत झाले तेथील आकडे बोधप्रद आहेत. २००९ साली निघालेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियस गाडीस टपावर लहानसे पॅनेल मिळू लागले; परंतु त्याचे काम मुख्य बॅटरी भरण्याचे नव्हतेच. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील तापलेली हवा पंख्याने बाहेर काढावी, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे २०१७ साली जपानात प्लग-इन प्रियससाठी १८० वॉटचे पॅनेल निघाले, आणि त्याने मुख्य बॅटरी भरण्याची सोय झाली. त्यापासून दिवसाकाठी सरासरी २.९ व फार तर ६.१ किलोमीटर जाण्याइतकी वीज मिळेल, असे खुद्द कंपनीनेच सांगितले. २०२३ च्या नव्या प्रियसचे पॅनेल १८५ वॉटचे असून, त्याचे वर्षाचे उत्पन्न सुमारे १,२०० किलोमीटरांचे, असा कंपनीचा अंदाज आहे.

दक्षिण कोरियातील ह्युंदाई कंपनीने २०१९ साली सोनाटा हायब्रिड गाडीवर सुमारे २०० वॉटचे पॅनेल बसविले. रोज ६ तास ऊन मिळाल्यास वर्षाकाठी १,३०० किलोमीटर जादा चाल मिळेल, असे तिचे म्हणणे होते. दोन देशांतील दोन कंपन्यांचे आकडे असे एकमेकांजवळ येतात, यावरून टपाची मर्यादा कोठे आहे ते दिसते. तेवढ्या टपावर याहून फारसे अधिक पिकत नाही.

क्षेत्र व प्रत दोन्ही वाढविली तर काय होते, हेही पाहण्यात आले आहे. २०१९ साली टोयोटा व शार्प या कंपन्यांनी जपानच्या सरकारी ऊर्जासंस्थेच्या साहाय्याने एका प्रियस गाडीचे टप, बॉनेट व मागील दार अशा तिन्ही जागी अंतराळयानांच्या घटांच्या जातीचे, शेकडा ३४ हून अधिक वीज देणारे पातळ घट बसविले. एकंदर शक्ती सुमारे ८६० वॉट झाली, आणि उभ्या गाडीस दिवसाला जास्तीत जास्त ४४.५ किलोमीटरांची वीज मिळेल असा अंदाज निघाला. परंतु हे घट फार महाग पडतात. म्हणून तो प्रयोग प्रयोगच राहिला.

पिकलेले सारे घरात का येत नाही

आता आपल्याकडील हिशेब. महाराष्ट्रात पावसाळा धरूनही वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटर सपाट जागेवर दिवसाला सुमारे ५ युनिट इतकी सूर्यशक्ती पडते. या मानाने २०० वॉटचे पॅनेल कागदावर दिवसाला १ युनिट वीज देईल. प्रत्यक्षात तिला अनेक ठिकाणी गळती लागते.

पहिली गळती उष्णतेची. पुष्कळांस वाटते की जितके ऊन कडक तितकी वीज अधिक. प्रकाशापुरते हे खरे आहे. पण पॅनेल तापले की त्याची शक्ती घटते. २५ अंशांच्या वर दर अंशास शेकडा सुमारे ०.३ ते ०.४ इतकी घट धरतात. वैशाखात गाडीचे टप ६५ अंशांपर्यंत तापले, तर जवळजवळ सातवा हिस्सा तेथेच गेला. शेतातील पॅनेलाखालून वारा खेळतो. टपावरील पॅनेलास ती सोय नाही.

दुसरी गळती सावलीची. पॅनेलातील घट एकापुढे एक असे जोडलेले असतात. पाटात एके ठिकाणी माती ढासळली म्हणजे खालच्या साऱ्या वाफ्यांचे पाणी कमी होते, तद्वत थोड्या घटांवर फांदीची सावली पडली तरी त्या ओळीचा प्रवाह मंदावतो. तिसरी गळती धुळीची. कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीवर ती रोज बसते. चौथी, पॅनेलाची कमी दाबाची वीज मुख्य बॅटरीच्या शेकडो व्होल्ट दाबापर्यंत चढविताना होणारी. या सर्व गळती वजा जाता १ युनिटापैकी सुमारे ०.६ युनिट हाती येईल असे धरणे वाजवी होईल. एका युनिटात गाडी सुमारे ६ किलोमीटर जाते असे मानले, तर दिवसाची प्राप्ती साडेतीन किलोमीटरांच्या आसपास, आणि वर्षाची सुमारे १,३०० किलोमीटर. म्हणजे कोरियातील आकड्याजवळच आपण येऊन पोचलो. हाही हिशेब गाडी बाराही महिने दिवसभर उघड्या उन्हात उभी राहील असे धरून केलेला आहे. झाडाखाली किंवा पडवीत गाडी ठेवणाऱ्यास यातील काहीच मिळणार नाही.

येथे एक पेच उत्पन्न होतो. विजेसाठी गाडी उन्हात ठेवावी, तर ती आतून भट्टीसारखी तापते, आणि ती थंड करणाऱ्या यंत्रास निघतानाच एक ते दोन किलोवॉट शक्ती लागते. टपावरील पॅनेल ते यंत्र चालवू शकत नाही. दिवसभर जे मिळविले त्यातील बराच वाटा या एका खर्चात जाण्याचा संभव असतो.

साठवणीची अडचण

याखेरीज, बाहेरून न भरता येणाऱ्या हायब्रिड गाडीची बॅटरी लहान असते. तिची साठवण बहुधा एक ते दोन युनिटांची. तीही चालविताना ब्रेकच्या विजेने वारंवार भरत असते. गाडी उभी करताना बॅटरी जर भरलेलीच असेल, तर उन्हाची वीज घेण्यास जागाच उरत नाही. कणगी भरलेली असताना दारी आलेले धान्य कोठे ओतावे, तसेच हे होय. प्लग-इन गाडीच्या मोठ्या बॅटरीत ही अडचण कमी भासते. म्हणजे ज्या गाडीस पेट्रोलवाचून दुसरा आधार नाही, तिलाच टपावरील वीज साठविण्यास जागा अपुरी पडते.

रुपयांचा हिशेब

हायब्रिड गाडी एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे २० किलोमीटर जाते असे धरू. तर १,३०० किलोमीटरांस ६५ लिटर पेट्रोल लागेल. लिटरास १०० रुपये भाव मानल्यास वर्षाची बचत ६,५०० रुपये झाली. तीही वर सांगितलेल्या उत्तम परिस्थितीत. या आकड्यावरून कोणासही आपला निर्णय करता येईल. पॅनेलापायी गाडीची किंमत ६५,००० रुपयांनी वाढत असेल, तर मुद्दल फिटण्यास दहा वर्षे लागतील. २०,००० रुपयांनी वाढत असेल, तर तीन वर्षांत फिटेल. विक्रेता काय सांगतो यापेक्षा पॅनेल किती वॉटचे आहे व त्याबद्दल जादा किती मागितले जाते, हे दोनच प्रश्न त्यास विचारावेत.

गाडी घेतल्यावर बाहेरच्या कारागिराकडून टपावर पॅनेल बसवून ते मुख्य बॅटरीस जोडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्या बॅटरीचा विजेचा दाब प्राणघातक असतो. आणि मूळ बनावटीत मनास येईल तसा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याची मनाई आहे. कंपनीची हमीही अशा वेळी गमावण्याची भीती असते.

मग पॅनेल कोठे बसवावे

यावरून सूर्यशक्ती गाडीच्या उपयोगाची नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दोष सूर्याचा नाही, जागेचा आहे. तेच पॅनेल घराच्या गच्चीवर किंवा गोठ्याच्या छपरावर दक्षिणेकडे योग्य उतार देऊन बसविले, तर त्याखालून वारा खेळतो, ते धुता येते, त्यावर सावली येऊ न देणे आपल्या हाती राहते, आणि मुख्य म्हणजे क्षेत्र हवे तितके वाढविता येते. एक किलोवॉट पॅनेलास सुमारे १० चौरस मीटर जागा लागते व त्यापासून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. तीन किलोवॉटची मांडणी दिवसाला १२ युनिट देईल. तेवढ्यात गाडी ७० किलोमीटर जाईल. गाडी दिवसा बाहेर असली तरी अडत नाही. नेट मीटर असल्यास दिवसाची वीज तारेत जाते व रात्री घेतलेल्या विजेतून ती वजा होते. गाडी नसेल त्या दिवशी तीच वीज घरातील दिव्यांस व कडबा-कुट्टी यंत्रास उपयोगी पडते. अशा घरगुती मांडणीसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये साहाय्याची योजनाही जाहीर केली आहे. अर्थात या मार्गाचा लाभ घेण्यास गाडी बाहेरून वीज घेणारी असली पाहिजे, हे विसरून चालणार नाही.

टपावरील पॅनेलास पुढे चांगले दिवस येणार नाहीत असे नाही. घट स्वस्त व अधिक कसदार होतील, गाड्या हलक्या होतील, तसा एका युनिटात अधिक पल्ला मिळेल. परंतु आजचा हिशेब आजच्या आकड्यांवरच केला पाहिजे. बांधावर चार रोपे लावली तर तीही फळ देतात, आणि ती लावू नयेत असे कोणी म्हणत नाही. मात्र बांधाच्या उत्पन्नावर वर्षाचा संसार धरता येत नाही. गाडीचे टप हा बांध आहे. शेत घराच्या छपरावर आहे. नवी गाडी घेण्याचा विचार करणाऱ्या बंधूंनी हा भेद ध्यानी ठेवून मगच आपला पैसा कोठे घालावयाचा ते ठरवावे, एवढेच सुचविणे आहे.