नेहमीच्या वर्गातला स्वतःचा प्रकल्प

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात नाव लागलं, की विद्यार्थ्याच्या हाती अटींची यादी येते : पदवीपर्यंत ठरावीक ऑनर्स क्रेडिट, काही चर्चासत्रं, बहुतेक ठिकाणी शेवटी एक प्रबंध. मग वेळापत्रक जुळवायला बसलं की अडचण कळते. संख्याशास्त्र घ्यायचं आहे, पण त्याची ऑनर्स तुकडी या सत्रात नाही. दुसऱ्या एका विषयाची आहे, पण ती नेमकी प्रयोगशाळेच्या वेळेवर येते. तिसऱ्या वर्षानंतरच्या विशेष विषयांना तर दहा-पंधराच विद्यार्थी असतात. त्यांची वेगळी ऑनर्स तुकडी निघणार कुठून?

यावर तिथल्या विद्यापीठांनी काढलेला तोडगा म्हणजे ऑनर्स करार. विद्यार्थी नेहमीच्याच वर्गात बसतो, सगळ्यांबरोबर तीच परीक्षा देतो. शिवाय त्या विषयाच्या प्राध्यापकांशी लेखी ठरवून एक छोटा स्वतंत्र प्रकल्प करतो. तो पुरा झाला की तोच कोर्स ऑनर्समध्ये धरला जातो. महाराष्ट्रातून पदवीसाठी तिकडे जाणाऱ्या मुलांना ही सोय बऱ्याचदा उशिरा कळते, म्हणून ती नीट समजून घेऊ.

‘ऑनर्स’चा तिथला अर्थ

आपल्याकडे पुण्या-मुंबईत एखादा विषय ‘स्पेशल’ घ्यायचे, दिल्ली-कोलकात्यात त्यालाच ऑनर्स म्हणायचे. अमेरिकेत ऑनर्स म्हणजे एका विषयातलं प्रावीण्य एवढंच नाही. कुठल्याही शाखेच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने आखलेला, जास्त खोलात जाणारा तो अभ्यासक्रम असतो.

त्याचं मूळ शोधताना स्वार्थमोर कॉलेजचं नाव येतंच. १९२१मध्ये तिथे अध्यक्ष झालेले फ्रँक एडलॉट हे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले. १९२२पासून त्यांनी शेवटच्या दोन वर्षांतल्या निवडक विद्यार्थ्यांना नेहमीच्या तासांतून मोकळं केलं, छोट्या चर्चावर्गांत बसवलं आणि परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक बोलावले.

लहान कॉलेजला हे परवडलं. पुढे मोठ्या सरकारी विद्यापीठांनी ऑनर्स कॉलेजं काढली. मिशिगन स्टेटचं १९५६मध्ये निघालं, अ‍ॅरिझोना स्टेटचं १९८८मध्ये. हजारो विद्यार्थी आणि शेकडो विषय असताना प्रत्येक विषयाची वेगळी तुकडी काढणं शक्य नव्हतं. एडलॉटनी विद्यार्थ्याला नेहमीच्या वर्गातून बाहेर काढलं होतं. कराराने त्याला त्याच वर्गात ठेवून वाट करून दिली.

नावं वेगवेगळी आहेत. मिशिगन स्टेट आणि पेन स्टेटमध्ये ‘ऑनर्स ऑप्शन’ म्हणतात, अ‍ॅरिझोना स्टेटमध्ये ‘ऑनर्स एनरिचमेंट कॉन्ट्रॅक्ट’. गाभा एकच.

करारात काय बसतं, काय नाही

करारामुळे क्रेडिट वाढत नाहीत. तीन क्रेडिटचा कोर्स तीनचाच राहतो. फक्त तो ऑनर्सच्या हिशेबात जातो. ‘इंडिपेंडंट स्टडी’ ही वेगळी गोष्ट : तिला स्वतःचा कोर्स क्रमांक असतो, स्वतःचे क्रेडिट असतात आणि सोबत वर्ग नसतो.

आपल्या मुलांनी हा फरक लक्षात ठेवावा. एफ-१ व्हिसावरच्या पदवी विद्यार्थ्याला साधारणपणे दर सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. दोन करार केले म्हणून ती संख्या भरत नाही.

कोर्सची ग्रेड आणि करार हे बहुतेक ठिकाणी वेगळे ठेवतात. प्रकल्प उत्तम झाला म्हणून परीक्षेतले गुण वाढत नाहीत. ऑनर्स मान्यतेसाठी कोर्समध्ये ठरावीक किमान ग्रेड, अनेक ठिकाणी ‘बी’, मिळावी लागते. एकूण किती करार चालतील, कुठल्या कोर्सला चालणार नाहीत, हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं. मोठ्या भावाच्या विद्यापीठातला नियम धाकट्याच्या विद्यापीठात असेलच असं नाही.

जास्त नको, वेगळं हवं

करार फसतो तो बहुधा एकाच चुकीने : सगळ्यांना दहा पानी निबंध आहे, तर मी पंधरा पानी लिहितो. हा करार नव्हे, ही शिक्षा झाली. पाच पानं वाढवून विद्यार्थी नवं काही शिकत नाही आणि प्राध्यापकांना मात्र ती पानं वाचावी लागतात.

चांगल्या प्रकल्पात वर्गात शिकवलेली एखादी पद्धत उचलून वर्गात न आलेल्या सामग्रीवर लावलेली असते. किंवा सामग्री वर्गातलीच, पण तिला विचारलेला प्रश्न स्वतःचा असतो. तीन नमुने पाहू.

संख्याशास्त्र : अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची नद्यांवर प्रवाहमापन केंद्रं आहेत आणि त्यांच्या नोंदी कुणालाही फुकट मिळतात. बर्फ वितळून पूर येणारी जवळची एखादी नदी घ्यायची, तीस-चाळीस वर्षांतल्या प्रत्येक वर्षीच्या सर्वांत मोठ्या प्रवाहाची तारीख काढायची आणि ती तारीख अलीकडे सरकते आहे का, हे वर्गात शिकलेल्या रिग्रेशनने तपासायचं.

सूक्ष्मजीवशास्त्र : मिठात मुरवलेल्या कोबीच्या तीन बरण्या, मिठाची तीन प्रमाणं. रोज पीएच मोजायचा आणि आंबण्याचा वेग मिठाने कसा बदलतो ते पाहायचं. अशा कोबीत आधी ल्युकोनोस्टॉक आणि नंतर लॅक्टोबॅसिलस गटातले जिवाणू वरचढ होतात. हा बदल प्लेटवर दिसतो का, हा पुढचा प्रश्न. प्रयोगशाळेतली बरणी अर्थातच जेवणात आणायची नाही.

जागतिक सिनेमा : मराठी येणाऱ्या विद्यार्थ्याला इथे वर्गातल्या कुणाकडे नसलेली गोष्ट हाताशी आहे. प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ घ्यायचा, त्यातली दोन दृश्यं निवडायची आणि अभंग जेव्हा इंग्रजी सबटायटल होतो तेव्हा लय, संबोधन, बोलीचा गोडवा यांतलं काय गळतं हे ओळीओळीने दाखवायचं.

तिन्ही प्रश्न छोटे आहेत. ‘हवामानबदलाचा नद्यांवरील परिणाम’ हा विषय झाला, प्रकल्प नव्हे.

प्राध्यापकांकडे जाताना

करार करणं प्राध्यापकांवर सहसा बंधनकारक नसतं, आणि अनेक ठिकाणी त्यांना त्याचा वेगळा मोबदलाही नसतो. म्हणून विचारण्याची पद्धत महत्त्वाची.

सत्र सुरू होण्याआधी किंवा पहिल्याच आठवड्यात चार ओळींचा ईमेल पाठवावा : मी तुमच्या अमुक कोर्सला आहे, ऑनर्स करार करायची इच्छा आहे, माझ्या मनात हा प्रश्न आहे, ऑफिस अवर्समध्ये भेटायला येऊ का? सुरुवातीला ‘प्रोफेसर’ आणि आडनाव लिहावं. आपल्या सवयीचं नुसतं ‘सर’ किंवा ‘मॅडम’ तिथल्या वर्गात परकं वाटतं.

ऑफिस अवर्सबद्दल आपल्या मुलांच्या मनात एक अढी असते : तिथे नापास होणारे जातात. तसं काही नाही. ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते आणि करार तिथल्या खुर्चीवरच घडतो. जाताना एक तयार प्रश्न आणि एक पर्यायी प्रश्न न्यावा. कोऱ्या हाताने जाऊन ‘तुम्हीच काहीतरी सुचवा’ म्हणू नये.

या बोलण्यातून काय मिळतं ते नदीच्याच उदाहरणात पाहा. विद्यार्थी पुराच्या तारखेला १ जानेवारीपासून क्रमांक देतो. मग ३१ डिसेंबरचा पूर ३६५वा ठरतो आणि २ जानेवारीचा दुसरा. प्रत्यक्षात अंतर दोन दिवसांचं, आकड्यांत जवळजवळ वर्षाचं. हा खड्डा प्राध्यापकांना लगेच दिसतो. त्या सर्वेक्षण खात्याचं जलवर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तिथून दिवस मोजले की घोळ मिटतो. हे डिसेंबरात अहवाल लिहिताना कळण्यापेक्षा सप्टेंबरात कळलेलं बरं.

प्राध्यापक ‘नाही’ म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नये. त्या सत्रात त्यांच्याकडे आधीच चार करार असू शकतात. आभार मानून दुसऱ्या कोर्सचा विचार करावा.

एका पानाचा मसुदा

फॉर्म कॉलेजचा असतो, आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन भरायचा. त्यात साधारण पुढच्या गोष्टी लागतात :

१. प्रश्न : एका वाक्यात. दोन वाक्यं लागत असतील तर प्रश्न अजून मोठा आहे.

२. कोर्सशी नातं : वर्गातली कुठली पद्धत किंवा संकल्पना वापरणार.

३. सामग्री : कुठून मिळणार, आणि ती मिळते हे तपासलं आहे का.

४. भेटी : प्राध्यापकांना किती वेळा भेटणार. दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा तास हे सोसण्याजोगं प्रमाण आहे.

५. शेवटी हाती काय देणार : अहवाल, पोस्टर, सादरीकरण, चालणारा संगणक प्रोग्रॅम. पानं किंवा मिनिटं लिहूनच टाकावीत.

६. पुरं झालं असं कशावरून मानायचं : प्राध्यापक कुठल्या निकषावर सही करणार.

सहावा मुद्दा बहुतेकजण मोघम ठेवतात आणि भांडण तिथेच होतं. ‘समाधानकारक काम’ असं लिहिलं तर डिसेंबरात समाधान कुणाचं, हा प्रश्न येतो. ‘तीस वर्षांची नोंद, एक आलेख, निष्कर्षाच्या मर्यादा सांगणारा एक परिच्छेद’ असं लिहिलं की दोघंही निर्धास्त.

पंधरा आठवड्यांचा हिशेब

अमेरिकी सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं असतं. कराराची मुदत बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांतच संपते आणि ती चुकली की सवलत क्वचितच मिळते. पहिले तीन आठवडे प्रश्न, भेट आणि फॉर्म यांत जातात. चौथा ते आठवा सामग्री जमवण्यात आणि एक छोटी चाचणी करण्यात. मधल्या परीक्षा साधारण याच सुमाराला येतात, म्हणून आठव्या आठवड्यात नवं काही धरू नये. नववा ते बारावा मुख्य काम. बाराव्याच्या शेवटी कच्चा मसुदा प्राध्यापकांच्या हाती पडला पाहिजे. शरद सत्रात नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतं आणि तो आठवडा कामाचा राहत नाही. शेवटचे दोन आठवडे फक्त दुरुस्तीसाठी.

पहिल्या सत्रात करार करू नये, हा सल्ला बरेच समुपदेशक देतात. नवा देश, नवी भाषा, नवी थंडी यांत तो पटण्यासारखा आहे. दुसऱ्या सत्रात एकच करार, तोही आवडीच्या विषयात, ही चांगली सुरुवात.

माणसांकडून माहिती घ्यायची असेल तर

मुलाखती, प्रश्नावल्या, वर्गमित्रांवर छोटा प्रयोग असं काही मनात असेल तर एक दार आधी ठोठवावं लागतं. माणसांवरच्या संशोधनाची छाननी करणारी समिती अमेरिकी विद्यापीठांत असते. तिला आयआरबी म्हणतात. १९७४च्या राष्ट्रीय संशोधन कायद्याने या समित्यांना कायद्याचा आधार मिळाला.

केवळ वर्गात सादर करायच्या सरावाला तिची मंजुरी बऱ्याचदा लागत नाही. पण तेच काम पुढे परिषदेत मांडायचं किंवा छापायचं असेल, तर मंजुरी माहिती गोळा करण्याआधी हवी. मागाहून मिळत नाही. मंजुरीला काही आठवडे लागू शकतात, आणि पंधरापैकी चार गेले तर उरतं काय? म्हणून पहिल्या करारासाठी उघड उपलब्ध नोंदी, ग्रंथालयातली जुनी कागदपत्रं किंवा प्रयोगशाळेतली बरणी बरी.

मध्येच अडलं तर

बरणीवर बुरशी येते. नदीच्या नोंदीत सहा वर्षं गायब असतात. अशा वेळी गप्प बसणं सर्वांत वाईट. प्राध्यापकांना लगेच सांगून प्रश्न लहान करून घ्यावा आणि बदल लेखी नोंदवावा. सहा वर्षं का गायब आहेत आणि त्याने निष्कर्ष कसा बदलेल, हाही प्रकल्पाचा भाग होऊ शकतो.

करार सोडावाच लागला तर बहुतेक ठिकाणी फक्त ऑनर्सची मान्यता जाते, कोर्सची ग्रेड शाबूत राहते. मात्र सोडतो आहे हे वेळेत कळवावं. न कळवता गायब झालेला विद्यार्थी शिफारसपत्राच्या वेळी आठवतो, पण चांगल्या कारणाने नाही.

आक्षेप आणि आपल्याकडची वाट

करारांवर टीकाही आहे. ऑनर्सचं खरं बळ म्हणजे छोट्या वर्गातली चर्चा, आणि करारात विद्यार्थी एकटा पडतो. दर्जा प्राध्यापकागणिक बदलतो. शिक्षकांच्या बिनपगारी वेळावर सगळा डोलारा उभा राहतो. तिथल्या नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिलने २०२०मध्ये करारांवर एक स्वतंत्र लेखसंग्रह काढला. त्यात करार सुधारण्याचे मार्ग आहेत, तसा करार नकोतच असा युक्तिवादही आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०नंतर चार वर्षांची, १६० क्रेडिटची ऑनर्स पदवी आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यात ‘संशोधनासह ऑनर्स’साठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे आणि चौथ्या वर्षात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. म्हणजे स्वतःचा प्रश्न विचारायची मोठी संधी येते ती तीन वर्षांनी, आणि एकदम बारा क्रेडिटची. अमेरिकी विद्यार्थी तिथवर पोचतो तेव्हा त्याने दोन-तीन छोटे प्रश्न करारांतून हाताळलेले असू शकतात. पंधरा आठवड्यांत केवढा प्रश्न मावतो, याचा अंदाज त्याला आलेला असतो.

हा अंदाज यायला ऑनर्स कॉलेज लागत नाही. कोल्हापूर किंवा नांदेडच्या कॉलेजातही अंतर्गत मूल्यमापनासाठी काहीतरी लिहून द्यावंच लागतं. त्याच कामासाठी वर दिलेल्या सहा मुद्द्यांचा एक कागद भरून सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या सरांकडे किंवा मॅडमकडे नेता येईल. त्याने एकही क्रेडिट वाढणार नाही. पण चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाला बसताना कोरा कागद समोर नसेल.